दादारावांची इंजिन-वही

दादाराव मेश्राम यांचा माणसांपेक्षा कागदावर विश्वास जास्त, आणि तो उगीच नव्हता.

एकोणीसशे शहाऐंशी साली ते नौदलाच्या एका मिसाइल बोटीवर इंजिनरूममध्ये मेकॅनिक होते. बोट रशियन, इंजिनही रशियन. सात सिलिंडर गोलाकार मांडलेले, अशी सहा वर्तुळं एकामागे एक, म्हणजे बेचाळीस सिलिंडरांचं एकच धूड. असलं इंजिन चार दिवस उभं राहिलं की तेल झिरपत झिरपत खालच्या सिलिंडरांत साचतं. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. तशातच कुणी स्टार्ट दिला तर पिस्टन तेलावर आदळतो, रॉड मोडतो आणि इंजिनचं कवच फोडून बाहेर येतो. म्हणून आधी खालचे कॉक, म्हणजे निचऱ्याच्या तोट्या, उघडायच्या, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं, साचलेलं तेल गळू द्यायचं, आणि मगच स्टार्ट. बोटीवरच्या पुस्तकात हे नव्हतं. जुन्या मेकॅनिकने नव्याला सांगायचं, अशी रीत होती.

एका सकाळी नव्या लेफ्टनंटसाहेबांना घाई झाली. "मेश्राम, ती फिरवाफिरवी पुरे, स्टार्ट द्या," म्हणाले. दिला, आणि इंजिन गेलं. माणूस कुणी गेला नाही, एवढंच नशीब. साहेबांनी लॉगबुकात मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, मेकॅनिकचा निष्काळजीपणा. दादारावांजवळ उलट दाखवायला काहीच नव्हतं. पुढची तीन वर्षं बढती अडली, आणि गावाकडे विचारणाऱ्याला काय सांगायचं हेही कळेनासं झालं.

त्याच आठवड्यात त्यांनी कॅन्टीनमधून दोनशे पानी वही आणली. पुस्तकात नसलेली प्रत्येक गोष्ट तारीख घालून, आकृती काढून, इंग्रजीत लिहायला सुरुवात केली. अक्षर मुद्दाम घोटून घोटून सुधारलं. लिहिलेलं असलं की आपल्याला कुणी खोटं पाडू शकत नाही, हे त्यांनी मुलीलाही लहानपणापासून इतक्यांदा ऐकवलं होतं की तिला ते पाठ झालं होतं.

ती मुलगी, उत्कर्षा, आता स्टुटगार्टला राहत होती. मुलगा वेद तिथल्याच शाळेत, नवरा सुगत इंजिनिअर. आधीचं गाड्यांच्या कारखान्यातलं कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर तो आठ महिने घरी बसला, आणि मग शहराबाहेरच्या एका छोट्या कंपनीत लागला. ही कंपनी म्हाताऱ्या बोटींना नवी नियंत्रण-यंत्रणा बसवून देई. सोव्हिएत देश फुटला तेव्हा त्याचं आरमारही वाटलं गेलं. ज्या चिमुकल्या देशांच्या वाट्याला दोन-चार मिसाइल बोटी आल्या, त्यांनी क्षेपणास्त्रं उतरवून ठेवली, वरून राखाडी रंग फासला आणि किनाऱ्यावर गस्तीला लावल्या. इंजिनं मात्र तीच राहिली. कॅस्पियनकाठच्या अशाच एका देशाच्या तीन बोटींचं काम सुगतकडे आलं होतं.

"बाबा, तुमची बेचाळीसवाली आली आहेत आमच्याकडे," त्याने फोनवर सांगितलं, तेव्हा दादारावांची छाती फुगली. नव्वद दिवसांचा व्हिसा निघाला. बॅगेत कपड्यांच्या आधी वही गेली.

मार्चमधली गोष्ट. सुगतचं त्या दिवशी होम ऑफिस होतं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, आणि पडद्यावर दूरच्या बंदरातल्या बोटीची इंजिनरूम. तिथला मेकॅनिक फोन हातात धरून नवं पॅनेल दाखवत होता. रुस्लान त्याचं नाव. तिशीचा, बारीक मिशीचा, बनियनवर तेलाचे डाग. दादाराव मागून डोकावले आणि त्यांना इंजिन दिसलं.

"सुगतराव, जरा बोलू का?"

"बोला ना बाबा. त्याला इंग्लिश फारसं येत नाही पण."

दादारावांना रशियन प्रशिक्षकांकडून शिकलेले दहाबारा शब्द अजून आठवत होते. त्यांनी "मास्लो" म्हटलं, म्हणजे तेल, आणि बोट खाली दाखवलं. रुस्लानचा चेहरा उजळला. मग दादारावांनी दोन्ही हात हवेत गोल फिरवून विचारलं, तू हाताने फिरवतोस का? रुस्लानला खूण कळली. त्याने मान नकारार्थी हलवली आणि हसून पॅनेलवरचं हिरवं बटण दाखवलं. आता हे आहे, फिरवायचं कशाला? बोलणं संपताना त्याने या म्हाताऱ्याला सॅल्यूट ठोकला. दादारावांनीही घरातल्या लेंग्यावर उभं राहून तसाच कडक परत केला.

लॅपटॉप मिटल्याबरोबर ते म्हणाले, "सुगतराव, याला माहीत नाही. आधीचे जुने लोक निवृत्त झाले असणार, सांगणारं कुणी उरलं नसणार. तुमच्या पुस्तकात हे आजच घाला."

"बाबा, हांडबुखला फ्रायगाबे मिळालेली आहे, अप्रूव्ह झालंय ते. आता एक ओळ बदलायची तर पुन्हा सगळं टेस्टिंग, पुन्हा सह्या. नेक्स्ट रिव्हिजनमध्ये नक्की घालतो."

"एक ईमेल तरी टाका त्याला."

"या, या, टाकतो."

हे 'या, या' म्हणजे जर्मन 'हो, हो' होतं, आणि होकार घरातला असल्यामुळे दादारावांनी तो खरा मानला.

एप्रिलच्या शेवटी बातमी आली. वादळामुळे बोट बारा दिवस धक्क्याला बांधून होती. तेराव्या दिवशी रुस्लानने पॅनेलसमोर उभं राहून हिरवं बटण दाबलं. रॉड बाहेर आला तो त्याच्या दिशेनेच. हॉस्पिटलमध्ये तो दोनच दिवस जगला. मागे बायको, आणि वर्षाची मुलगी.

सुगत तासभर बाल्कनीत उभा राहिला. आत आला तेव्हा दादारावांनी त्याला ईमेलबद्दल विचारलं नाही. चेहऱ्यावरूनच त्यांना कळलं होतं, आणि जावयाला घरात उघडं पाडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"बाबा," चार दिवसांनी सुगत म्हणाला, "कंपनीला गुटाखटेन द्यायचंय. म्हणजे अपघाताचा टेक्निकल रिपोर्ट. तुमची ती वही मिळेल का? हाताने फिरवायचं ते पान हवंय."

दादारावांना वाटलं, आता आलं खरं कागदावर. त्या पोराचा जीव तर गेला, पण निदान पुढच्याचा वाचेल आणि रुस्लानच्या माथी खापर फुटणार नाही. त्यांनी वही स्वतः कागदात गुंडाळून दिली. दोन दिवसांनी सुगतने एक जर्मन कागद पुढे केला. ही एर्क्लेरुंग, नुसतं निवेदन आहे, वही तुमची आहे आणि नोंदी खऱ्या आहेत एवढंच, असं म्हणाला. दादारावांनी चष्मा पुसला, टेबल पुसलं आणि सही केली. खाली हुद्दाही लिहिला.

जूनमध्ये जायला आठ दिवस उरले असताना रिपोर्ट छापून घरी आला. सुगत ऑफिसला गेला होता. चहाचा कप ठेवताना दादारावांना त्यात आपलं पान दिसलं. तीच आकृती, तेच अक्षर, आणि वर छापलेलं, आनलागे तीन, म्हणजे परिशिष्ट तीन. लहान पोरासारखे खूश झाले.

"उत्कर्षा, बघ गं काय लिहिलंय माझ्याबद्दल. वाच ना."

उत्कर्षाने ओढणीला हात पुसत रिपोर्ट हातात घेतला. पहिल्या दोन ओळी भरभर सांगितल्या, मग तिचा वेग मंदावला.

"लिहिलंय की... या प्रकारच्या इंजिनांवर काम करणाऱ्या मेकॅनिकना ही पद्धत पूर्वीपासून माहीत आहे. अगदी दुसऱ्या देशाच्या नौदलातल्या मेकॅनिकच्या एकोणीसशे शहाऐंशीच्या वहीतही ती आहे."

"बरोबर. पुढे?"

"बाबा, पुढे टेक्निकल आहे सगळं."

"मी टेक्निकलच माणूस आहे. वाच."

"म्हणून..." ती थांबली. "म्हणून हांडबुखमध्ये ती वेगळी लिहिण्याची गरज नव्हती. जी गोष्ट सर्वांना माहीत असते ती न करणं हा... संबंधित मेकॅनिकचा निष्काळजीपणा आहे."

दादारावांनी तिला तो शेवटचा शब्द पुन्हा वाचायला लावला. तिने वाचला.

वही त्यांनी मेकॅनिकला वाचवायला लिहिली होती. एकोणचाळीस वर्षं जपली होती ती त्यासाठीच. आणि तिनेच मेलेल्या मेकॅनिकला दोषी ठरवलं. तेही त्यांच्या सहीने.

संध्याकाळी सुगत आला तेव्हा ते दारासमोरच्याच खुर्चीत होते.

"सुगतराव, त्याला माहीत नव्हतं. तुमच्या समोर त्याने मान हलवली. या टेबलाशी."

सुगतने बॅग खाली ठेवली. बूटही काढले नाहीत. "बाबा, त्या हांडबुखवर सही माझी आहे. वरच्यांनी फक्त स्टॅम्प मारलाय. चूक पुस्तकाची ठरली तर ती माझी ठरते, कंपनीची नाही. मीटिंगमध्ये सरळ विचारलं मला, दुसरं काही एक्स्प्लनेशन आहे का? मग मला तुमची वही आठवली."

"वही आठवली. ईमेल आठवला नाही."

"राहून गेला, बाबा! त्या आठवड्यात दोन डिलिव्हरी होत्या. रोज रात्री डोळे मिटले की मला तो माणूस दिसतो, तुम्हाला काय वाटतं? पण आता नोकरी गेली तर पर्मनंट रेसिडन्स गेला. पुन्हा आठ महिने घरी? वेदला शाळेतून काढून कुठे नेऊ? तो मराठीत दोन वाक्यं धड बोलत नाही."

"आणि त्याच्या बायकोचं काय?"

सुगत वाकून बुटाची नाडी सोडू लागला. उत्कर्षा हळूच म्हणाली, "दोष त्याचा ठरला तर तिला पेन्शन नाही, बाबा. सुगतनेच सांगितलं मला."

म्हणजे तिला आधीच माहीत होतं. रिपोर्टमध्ये काय असणार हे ठाऊक असूनच तिने सकाळी तो वाचायला घेतला होता. दादारावांना जावयाचा राग आला होता, मुलीचं मात्र दुःख झालं. सुगतकडे पाहताना त्यांना पहिल्यांदाच त्या लेफ्टनंटबद्दल प्रश्न पडला. त्याचंही काही अडलं असेल. त्याच्याही घरी कुणी असेल. इतकी वर्षं त्याला शिव्या देताना हे कधी मनात आलं नव्हतं, आणि आता आलं ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंग्रजीत पत्र लिहिलं. मार्चमध्ये मी स्वतः पाहिलं, रुस्लानला ही पद्धत माहीत नव्हती. मी हे सुगत यांना त्याच दिवशी सांगितलं होतं. माझी वही सर्वांना माहीत असल्याचा पुरावा नाही. ती मी लिहिली कारण कुणालाच माहीत नसायचं. पाकिटावर कंपनीचा पत्ता घातला, तिकीट लावलं.

उत्कर्षाने ते पाकीट पाहिलं. ते हिसकावून घेतलं नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही बरोबर आहात. टाका. फक्त टाकण्याआधी मला सांगा, म्हणजे मी वेदच्या शाळेत आधी बोलून ठेवते."

टपालाची पिवळी पेटी चढाच्या वरच्या टोकाला होती. दादाराव सकाळी निघाले, धापा टाकत पोहोचले आणि पाकीट पेटीच्या फटीत अर्धं सरकवलं. हात तिथेच राहिला. एक बाई कुत्रा घेऊन आली, "मोर्गन" असा सकाळचा नमस्कार केला, तिचं पत्र टाकायला थांबली. दादारावांनी पाकीट मागे ओढलं, तिला जागा करून दिली आणि ती गेल्यावर पुन्हा पेटीपाशी गेले नाहीत. उतारावरून घरी येताना त्यांना स्वतःची किळस आली. बाबासाहेबांच्या फोटोखाली त्यांनी मुलीला शिकवलं होतं की भिऊन गप्प बसायचं नाही, आणि ती जे विसरली तेच आज ते स्वतःही विसरले होते.

घरात कुणी काही विचारलं नाही. उत्कर्षाने त्या दिवशी त्यांच्या आवडीची मेथीची भाजी केली. त्यांनी ती खाल्ली.

जायच्या आदल्या दिवशी सुगतने वही परत आणून दिली. त्या पानावर कंपनीचा निळा शिक्का होता. "सॉरी, बाबा," तो म्हणाला, आणि नंतर चाचरत, "जय भीम." उत्तर देणं भागच होतं. दादारावांनी ते दिलं, पण मान वर केली नाही.

सगळे झोपायला गेल्यावर त्यांनी पेन काढलं. शिक्क्याखाली थोडी जागा होती. तिथे तारीख घालून, या वेळी मराठीत, लिहिलं, रुस्लानला हे माहीत नव्हतं. त्याला माहीत नाही, हे मला माहीत होतं. न टाकलेलं पाकीट त्याच पानात ठेवलं. ही वही आता कोण उघडणार होतं? वेदला तर मराठी लिपीही वाचता येत नव्हती.

ओळीखाली त्यांनी सही केली, हुद्दा लिहिला आणि सवयीप्रमाणे पान दिव्याजवळ धरून पाहिलं. अक्षर मोत्यासारखं आलं होतं. त्या लेफ्टनंटचंही असंच होतं.