पंधरा मिनिटांचा थांबा

फेब्रुवारीत आलेल्या त्या पत्राला आपण उत्तर दिलं नाही, हे तारुमींना रोज आठवायचं, बहुधा दात घासताना. पत्र टोकियोच्या एका प्रवास कंपनीतल्या किरितानी नावाच्या बाईचं होतं, हाताने लिहिलेलं. पुढच्या वसंतासाठी ती खाण्याची आणि पाहण्याची सहल आखत होती: कानाझावा, क्योतो, ओसाका, हिरोशिमा, फुकुओका. ‘बांगड्याच्या वाटेवरचं आपलं पुस्तक वाचलं. कानाझावाहून क्योतोला जाताना आपल्या गावी एक रात्र मुक्काम ठेवावा का? काय खावं, कोणाकडे? आपण म्हणाल तसं करीन.’

पुस्तक कसलं, चोपडंच ते. तारुमींनी गावच्या वाचनालयात सदतीस वर्षं काढली होती. आपल्या वाकासाच्या किनाऱ्यावरून मीठ लावलेला बांगडा पाठीवर घेऊन माणसं डोंगर ओलांडून क्योतोला कशी जात, ते त्यांनी निवृत्तीनंतर लिहून काढलं. तीनशे प्रतींपैकी दोनशे अजून फडताळातच होत्या. आपला सल्ला कोणी विचारावा याचंच त्यांना ओशाळं वाटलं.

लिहायला बसले नाहीत असं नाही. पण पत्र ऋतूच्या चार शब्दांनी सुरू करायचं असतं. प्लमच्या फुलांवर दोन ओळी जमल्या, तोवर मजकुरातल्या एका सालाची खात्री करायची राहिली. ती होईतो चेरीसुद्धा फुलून गळून गेली. मग पावसाळ्याचा कागद झाला, मग उन्हाळ्याचा. सप्टेंबरात त्यांनी नाद सोडला.

नोबुए वहिनींना मात्र ते फेब्रुवारीतच सांगून बसले होते, “पुढच्या वर्षी पाहुणे येतील. तुमच्याकडेच पाठवणार.” नोबुए त्यांच्या गेलेल्या मित्राची बायको. अख्खा बांगडा बांबूच्या काडीवर खोचून विस्तवावर भाजणारी गल्लीत तिची एकटीचीच भट्टी उरली होती. लेक नागोयाला ये म्हणत होती. पण तारुमींच्या शब्दावर वहिनी थांबल्या.

डिसेंबरच्या सतरा तारखेला सकाळी सहलीचं पत्रक आलं. तारुमींनी ते उभ्यानेच वाचलं आणि मफलर न घेताच भट्टी गाठली.

“नऊ दिवस, पाच शहरं, एकेचाळीस पदार्थ,” ते म्हणाले. “आणि हे ऐका. ‘बांगड्याची सुशी, क्योतोची देणगी.’ क्योतोला समुद्र आहे का, वहिनी?”

“मला काय विचारता, गुरुजी. मी दोनदा गेलेय, दोन्ही वेळा लग्नाला.” गुरुजी ते कधीच नव्हते, पण गाव तसंच म्हणायचं. वहिनी जरा चिडवूनच म्हणायच्या.

“सत्तर किलोमीटर. आपल्या लोकांनी खांदे सोलून वाहिलं ते, आणि देणगी त्यांची. आपलं गाव कुठे आहे ठाऊक आहे? कंसात. ‘बसथांबा, स्वच्छतागृह, पंधरा मिनिटं.’”

“म्हणजे मुतायला.” वहिनींनी काडी फिरवली. “येतायत तरी.”

“विचारायची रीतच नाही या लोकांना.”

“विचारलं होतं की तुम्हाला. काय लिहिलंत?”

तारुमींनी पत्रक उगाच दुमडलं. “मजकूर व्हायचाय अजून.”

“दहा महिने? कोंबडी एकवीस दिवसांत अंडं उबवते.”

पत्रकातून एक चिठ्ठी खाली पडली होती. वहिनींनी तेलकट हातानेच ती उचलली आणि लांब धरून वाचली. ‘आपलं उत्तर आलं नाही. प्रकृती बरी असावी. आपल्या सल्ल्याशिवाय मुक्काम ठेवायला धजावले नाही. शेवटची छपाई वीस तारखेला.’

वहिनींचा आवाज चढला नाही. “ही पोरगी तुमच्या प्रकृतीची काळजी करत बसली. मी नातीला सांगितलं, आजीकडे पाहुणे येणारेत, आत्ता कशी येऊ. तुमचं लाजणं असेल खानदानी, गुरुजी. पण त्याचा धूर माझ्या डोळ्यांत जातो.”

एरवी त्या एक बांगडा बांधून द्यायच्या. आज दिला नाही.

घरी येईपर्यंत तारुमींचा संताप कुठेच टेकायला तयार नव्हता. पत्रकावर होता, एकेचाळीस या आकड्यावर होता, आणि सगळ्यात जास्त, ज्याला आपण आजवर नम्रपणा म्हणत आलो त्या चूक निघण्याच्या भीतीवर होता. त्यांनी कागद ओढला. ऋतूबितू काही न घालता पहिल्याच ओळीला मुद्द्यावर आले.

‘एकेचाळीस पदार्थांना जेवण म्हणत नाहीत, मोजदाद म्हणतात. ओसाकातले दहा कमी करा, कोणी उपाशी मरणार नाही. ती रात्र इथे ठेवा. संध्याकाळी नोबुएबाईंच्या भट्टीवरचा बांगडा, आलं आणि सोया सॉस लावून, एकेकाला अख्खा. बाराच माणसं पाठवा, भट्टीवर एका वेळी बाराच काड्या मावतात. सकाळी त्यांना पहिल्या खिंडीपर्यंत पायी चालवा, मग बसमध्ये घाला. त्यानंतर क्योतोत जाऊन सुशी खाऊ द्या, म्हणजे ती कोणाची आहे ते कळेल. देणगी हा शब्द काढा. माझ्या पुस्तकातलं एक साल चुकलेलं असू शकतं. उत्तर दिलं नाही हा दोष सर्वस्वी माझा. नोबुएबाई दहा महिने वाट पाहत आहेत.’

दोन ठिकाणी खाडाखोड झाली होती. कागद पुन्हा उतरवून काढायला हात शिवशिवला, पण पोस्ट पाचला बंद व्हायचं.

“साधं की तातडीचं?” खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

“तातडीचं. वीसच्या आत पोचलं पाहिजे.”

“उद्याच पोचेल. पण गुरुजी, पाकीट एका बाजूने उघडंय. घरी नेऊन नीट चिकटवून आणता?”

“नाही,” तारुमी म्हणाले. “डिंक द्या इकडे.”

त्यांनी तिथेच कड चिकटवली, अंगठ्याने दाबून धरली आणि पाकीट खिडकीच्या आत सरकवलं.