दोन पाकिटं

बारावीचा शेवटचा पेपर देऊन अनघा घरी आली, त्या संध्याकाळी तिच्या बाबांनी एकदम जाहीर करून टाकलं, की मे महिन्यात आपण पुण्याला जायचं. कौसल्याआत्याकडे चांगलं दहा दिवस राहायचं, पुणं पाहायचं आणि तिथली कॉलेजंही पाहायची. अनघाला आधी ते खरंच वाटेना. तिचे बाबा, मधुसूदन मुळावकर, म्हणजे लग्नकार्याशिवाय वर्ध्याच्या पलीकडे न गेलेले गृहस्थ. राळेगावच्या कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते. बंडीतल्या, म्हणजे बैलगाडीतल्या, ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस बाहेर काढायचा, बोटांनी धागा ओढून बघायचा आणि माल कुठल्या प्रतीचा ते सांगायचं, एवढंच काम त्यांनी वीस वर्षं केलं होतं. बोलणं कमी, वागणं नेमकं. त्यांच्या शब्दावर कुणी शंका घेत नसे.

गेल्या दोन-तीन हंगामांत मात्र त्या शब्दाची इज्जत गेली होती. भाव पडला, बोंडअळीनं आणि लाल्या रोगानं माल खराब झाला, केंद्राच्या फाटकाबाहेर बंड्यांची रांग चार-चार दिवस हलेना. सगळ्यांचा राग निघायचा तो प्रत सांगणाऱ्यावर. २००६च्या जानेवारीत एक दिवस जमाव आत घुसला. मारलं कुणी नाही, पण मधुसूदनरावांना खुर्चीसकट बाहेर आणून किडका कापूस त्यांच्या डोक्यावर ओतला. ते तसेच भर दुपारी पायी घरी आले. अनघाची आई, शुभदा, अनघा नववीत असताना वारली होती. घरात ही एकटीच. तिनं त्यांना पाटावर बसवलं आणि तासभर त्यांच्या केसांतली रुई वेचत राहिली. त्यानंतरही ते रोज केंद्रावर जात होते, पण संध्याकाळी फाटकातूनच तिला हाक मारायचे, आणि ती मैत्रिणीकडे गेली असली तर कुलूप न उघडता उंबऱ्यावर बसून राहायचे.

मैत्रीण म्हणजे शमा. तिचे वडील शब्बीरचाचा जिनिंगच्या, कापसातली सरकी काढायच्या, मशिनी दुरुस्त करायचे. या दोन पोरींना किड्यांचा नाद होता. दोन वर्षं त्यांनी हॉर्लिक्सच्या बाटल्यांत बोंडअळ्या पाळल्या, कोणती अळी किती दिवसांनी कोषात जाते, कुठल्या पानाला तोंड लावते, कुठल्या पानाला लावत नाही, हे सगळं वहीत लिहून ठेवलं. जीवशास्त्राच्या सरांनी ती वही पाहिली आणि पुण्यातल्या एका संस्थेचं नाव सांगितलं. तिथं पाच वर्षांचा अभ्यासक्रम होता. त्याच वर्षी बारावीला बसलेली फक्त वीस मुलं घ्यायचे. अर्जासोबत निबंध मागवायचे, निबंध आवडला तर मुलाखतीला बोलवायचे. दोघींनी एकाच टेबलावर बसून अर्ज भरले. शमानं कोषावर लिहिलं, अनघानं अळीच्या भुकेवर. एप्रिलमध्ये मधुसूदनराव कामाला यवतमाळला निघाले होते, तर शब्बीरचाचांनी शमाचं पाकीटही त्यांच्याच हातात दिलं. संध्याकाळी परतल्यावर बाबांनी चाचांना त्यांची रजिस्टरची पावती नेऊन दिली. अनघाला म्हणाले, टाकलं. तिनं पावती मागितली नाही. बापाकडे पावती कोण मागतं?

वर्ध्याहून गाडीत बसल्यापासून अनघा खिडकीला चिकटून येणाऱ्या प्रत्येक स्टेशनाचं नाव वाचत होती. पुण्यात उतरल्यावर तर ती हरखूनच गेली. आत्याचा मुलगा अभिषेक इंजिनिअरिंगला होता, त्यानं स्कूटरवर मागं बसवून तिला गाव दाखवलं. पर्वती चढून झाली. सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन झालं. अप्पा बळवंत चौकात एका दुकानात तिला किड्यांवरचं जाडजूड पुस्तक दिसलं, तर तिथंच उभी राहून तिनं त्यातलं अख्खं एक प्रकरण वाचून काढलं. दुकानदार काही बोलला नाही, याचं तिला फार नवल वाटलं.

कॉलेजं पाहायला बाबा स्वतः बरोबर यायचे. दगडी इमारतींची मोठमोठी कॉलेजं, त्यांची ग्रंथालयं, मुलींची वसतिगृहं. एका वसतिगृहाच्या बाईंना तर त्यांनीच विचारलं, की मुलींना जेवणात भात दोन्ही वेळ मिळतो का. अनघा लाजली, पण तिला बरंही वाटलं. बाबांनी आपल्याला इथं ठेवायचं मनावर घेतलंय, असं तिनं धरलं. रस्त्यानं चालताना ती त्यांना सांगत होती, की सुट्टीत मी कुठल्या गाडीनं येईन, तुम्ही डबा लावून घ्या, शेजारची हंसाबाई पोळ्या बऱ्या करते. ते हं हं म्हणत होते.

फक्त त्या संस्थेत जायचं निघालं, की काहीतरी आडवं यायचं. एक दिवस त्यांचं डोकं दुखलं. एक दिवस ते म्हणाले, सुट्टीत बंद असते ती जागा. सातव्या दिवशी अभिषेकनं फोन करून विचारलं, तर कार्यालय चालू होतं, आणि मुलाखतीला बोलावलेल्यांची यादी कालच लागली होती. अनघा चपला घालून दारात उभी राहिली. बाबांनी शर्ट बदलायला बराच वेळ लावला.

संस्था गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी होती. बैठी इमारत, आजूबाजूला कडुनिंब, एका काचेच्या खोलीत मुलं सूक्ष्मदर्शकावर वाकलेली. यादी फळ्यावर होती. अनघानं वरून खाली वाचली. अकराव्या नंबरवर शेख शमा शब्बीर, राळेगाव, जिल्हा यवतमाळ. तिच्या तोंडून आनंदाचा हुंकार निघाला. मग ती स्वतःचं नाव शोधू लागली. खालून वर वाचली. पुन्हा वरून खाली.

निबंध आवडला नसेल, असं तिनं मनाला समजावलं, तरी कार्यालयात जाऊन विचारलं. खिडकीतल्या बाई भल्या होत्या. त्यांनी आवक रजिस्टर काढलं आणि बोट फिरवत सांगितलं, की राळेगावहून एकच अर्ज आलाय, शेख शमा, रजिस्टर पोस्टानं, यवतमाळचा शिक्का. मुळावकर नावाचं काही आलेलंच नाही. अनघा म्हणाली, असं होणार नाही, दोन्ही एकाच दिवशी, एकाच माणसानं टाकलेत. त्यावर बाई बाबांकडे बघून म्हणाल्या, "पावती आहे का? पावती असेल तर मी सरांशी बोलते. पोस्टाची चूक असली तर ते घेतील अजून."

मधुसूदनरावांनी वरच्या खिशात हात घातला. मग पँटच्या उजव्या खिशात, मग डाव्या. पाकीट काढलं, त्यातले कागद एकेक करून उलगडले, पुन्हा घडी घालून ठेवले. अनघा बघत होती. तिच्या बाबांकडे पाच वर्षांपूर्वीची गॅसच्या नोंदणीची पावती होती, आईच्या चष्म्याची होती. हा माणूस शोधत नव्हता. जे नाही हे त्याला ठाऊक आहे, ते तो बाईंसमोर शोधून दाखवत होता. चौथ्यांदा त्यांचा हात वरच्या खिशाकडे गेला, तेव्हा तिला ते बघवेना.

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली.

बाहेर कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक होता. ते बसले, ती उभीच राहिली.  मग तिनं विचारलं, की शमाचं पाकीट तुम्ही टाकलं का. त्यांनी मान हलवली. माझंही तुमच्या हातात होतं का. पुन्हा मान हलवली.

"मंग काहून?"

ते जमिनीकडे बघत सांगू लागले. पोस्टात रांगेत उभा होतो. दोन्ही पाकिटं हातात होती. आधी शमाचं पुढं केलं. बाबूनं शिक्का मारला, पावती फाडून दिली, आणि दुसरं मागितलं. तर हात पुढं जाईना. मागचा माणूस ढकलून राहिला होता. "म्या म्हटलं, हे एवढंच हाय. आन् बाहेर आलो."

"शमाचं टाकलं तुम्ही."

"ते दुसऱ्याचं होतं, अनू. दुसऱ्याच्या लेकराचं काम आपण कसं अडवायचं?"

"आन् माझं?"

"तू आपली होय ना," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका साधा होता, जणू ते बंडीसमोर उभं राहून मालाची प्रत सांगत होते. "त्या दिवशी मी कापसानं भरून घरी आलो. तू नसती तं मी घरात शिरलोच नसतो. पाच वर्षं तू नाही म्हणजे मले जमत नाही. हे तुले सांगायचं कसं, ते समजलं नाही."

तिला त्या क्षणी त्यांची कीव आली नाही, असं नाही. पण त्या कीवेपेक्षा मोठं काहीतरी आत फुटलं होतं. जमावानं जे केलं ते परक्यांनी, रागात, सगळ्यांसमोर केलं. हे एकट्यानं, शांतपणे, रांगेत उभं राहून केलं होतं. आणि त्यानंतर महिनाभर तिच्याकडून रोज ताट वाढून घेतलं होतं.

"मग पुण्याले कशाले आणलं मले?"

ते उठून फाटकाकडे चालू लागले. याचं उत्तर संध्याकाळी आत्याकडून मिळालं. अनघाचा चेहरा बघून कौसल्याआत्यानं तिला स्वयंपाकघरात बोलावलं, तेव्हा अनघानं घडलेलं सगळं सांगितलं. आत्या कोथिंबीर निवडता निवडता थांबली. पाकिटाचं तिला माहीत नव्हतं. पण अनघाला पुण्यात ठेवायचं नाही, यवतमाळच्या कॉलेजात घालायचं, हे तिला एप्रिलपासून माहीत होतं. "मला म्हणाला, कॉलेजं दाखवतो, पुणं दाखवतो, तिची हौस फिटेल. मला वाटलं, तू सगळं जाणूनच आली आहेस."

हौस फिटेल. म्हणजे ती दगडी कॉलेजं, ते ग्रंथालय, दोन्ही वेळच्या भाताची चौकशी, सगळं त्यासाठी. लहान मुलाला दुकानातलं खेळणं हातात घेऊन बघू देतात आणि मग परत ठेवायला लावतात, तसं. आणि हे बाबांना माहीत होतं, आत्याला माहीत होतं. जिला माहीत नव्हतं ती रोज सकाळी वेणी घालून तयार होत होती.

ती रडली नाही. तिला एकदम आठवलं, की फळ्यावरच्या यादीप्रमाणे शमाची मुलाखत आजपासून पाचव्या दिवशी आहे आणि संस्थेचं पत्र राळेगावला पोचेल न पोचेल. ती तशीच खाली एसटीडी बूथवर गेली आणि जिनिंगच्या कचेरीत फोन लावला. शब्बीरचाचांना बोलावून आणलं. तारीख, वेळ, पत्ता तीनदा सांगून लिहून घ्यायला लावला. चाचांनी विचारलं, की तुझी मुलाखत कधी आहे. ती म्हणाली, माझं नाव आलं नाही. एवढंच सांगितलं. का आलं नाही ते तिनं त्या दिवशीही सांगितलं नाही आणि नंतरही नाही. ते बाबांनी सांगायचं होतं.

दोन दिवसांनी मधुसूदनरावांची परतीची गाडी होती. अनघानं आपलं सामान भरलं नाही. शमाला पुण्यात कुणी ओळखीचं नाही, मी थांबते, असं तिनं आत्याला सांगितलं. बाबांना वेगळं सांगितलं नाही. ते पिशवी घेऊन दारात घुटमळले, त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती अभिषेकच्या टेबलावर बसून काहीतरी लिहीत होती. ती उठली, वाकून नमस्कार केला आणि परत जाऊन बसली. तो नमस्कार त्यांना फार लागला, असं आत्या पुढं कितीतरी वर्षं सांगायची.

शमा वडिलांबरोबर आली ती भेदरलेली. मुलाखतीच्या सकाळी अनघानं तिला संस्थेत नेलं आणि काचेच्या खोलीबाहेर दोन तास बसून राहिली. आतून शमाच्या हसण्याचा आवाज आला, तेव्हा हिला कळलं, की काम झालं. बाहेर येऊन शमानं तिला मिठी मारली आणि म्हणाली, "तुझ्या निबंधातलं बोलली मी अर्धं. चालते ना?" अनघा म्हणाली, चालते. चाललं नव्हतं. पण त्यात शमाचा काही दोष नव्हता, एवढं तिला त्या वयातही समजत होतं.

ती शमा आणि शब्बीरचाचांबरोबर राळेगावला परतली. निकाल लागला, जिल्ह्यातल्या पहिल्या मुलींत तिचं नाव आलं. बाबांनी यवतमाळच्या कॉलेजचा अर्ज आणून टेबलावर ठेवला होता. तिनं तो बाजूला सारला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा अर्ज तिनं स्वतः मागवला, स्वतः भरला, आणि एसटीनं अकोल्याला जाऊन स्वतःच्या हातानं खिडकीत दिला. प्रवेश मिळाल्यावर जेवता जेवता सांगितलं, की पंधरा तारखेला जाते आहे. मधुसूदनरावांचा घास हातात राहिला. मग त्यांनी मान हलवली.

तिच्या जाण्याच्या दिवशी ते स्टँडवर आले. ट्रंक टपावर चढवली, दोरी दोनदा ताणून पाहिली, खिडकीपाशी उभे राहिले.  शेवटी म्हणाले, "पोचली का फोन कर."

"करीन," ती म्हणाली.

तिनं फोन केला. पण तिसऱ्या दिवशी.