आठ दिवसांचं पथ्य

कारखान्यात क्रेन चालवणाऱ्याला सगळे उस्ताद म्हणत. दोन टनांची लोखंडी तुळई तो अशी अलगद खाली टेकवायचा की आवाजसुद्धा होत नसे.

सहा वर्षांपूर्वी कारखान्याच्या वार्षिक तपासणीत त्याची उपाशीपोटीची साखर एकशे चाळीस निघाली. एका आकड्यावर काही ठरवत नाहीत, दहा दिवसांनी पुन्हा रक्त द्या, असं डॉक्टर म्हणाले. साखरेच्या माणसाला क्रेनवरून उतरवतात हे उस्तादनं ऐकलं होतं. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "उद्यापासून मला नुसत्या भाज्या उकडून दे."

आठ दिवस त्यानं तेच खाल्लं, रोज दोन-दोन तास चालला. आकडा आला एकशे आठ. "बघ, गेली साखर," असं म्हणत संध्याकाळी त्यानं केकचा खोका आणला.

तेव्हापासून तोच नेम झाला. वर्षभर मन मानेल तसं खायचं आणि तपासणीआधी आठ दिवस पथ्य. हे काही खरं नव्हे, हे बायकोला दिसत होतं. तो तांब्याभर पाणी एका दमात संपवायचा, पायाची जखम महिना महिना भरायची नाही. पण घर त्या क्रेनवर चालत होतं. ती गप्प राहिली आणि दरवर्षी भाज्या उकडत राहिली.

यंदा तपासणीला नव्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आणखी एक तपासणी लिहिली, खात्री करायला ती दोनदा करून घेतली आणि निरोप धाडला, घरच्या माणसाला घेऊन या.

"उपाशीपोटी एकशे सोळा," उस्ताद आधीच म्हणाला. "काठावर आहे, पण ठीक आहे ना?"

"तो त्या सकाळचा आकडा," बाई म्हणाल्या. "हा दुसरा बघा, नऊ पूर्णांक एक. साडेसहाच्या पुढे मधुमेह धरतात. रक्तातल्या लाल पेशींना साखर चिकटते. पेशी तीन-चार महिने जगते, तोवर ती चिकटलेलीच राहते. म्हणून यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. आठवडाभर कमी खाल्लं म्हणून ती पुसली जात नाही."

कागद बाजूला ठेवून बाईंनी विचारलं, "डोळ्यांपुढे काही दिसतं?"

"डाव्या डोळ्यापुढे काळे धागे तरंगतात. चार महिने झाले."

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. हे तिला ठाऊक नव्हतं.

"आणि तशीच क्रेन चालवत होतात?"

"हात सरावलेत, बाई."

"अंगात किती वर्षं मुरलंय हे?"

बायकोच म्हणाली, "सहा वर्षं. तपासणीच्या आधी मीच भाज्या उकडून द्यायचे."

साखरेमुळे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्त उतरल्याचं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. शस्त्रक्रिया झाली, पण डावा डोळा गेलाच. उजव्यावर लेझर मारून तो वाचवला. क्रेनची किल्ली उस्तादनं स्वतःच ऑफिसात नेऊन दिली.

चार दिवस तो घरात कुणाशी बोलला नाही. पाचव्या दिवशी बायको त्याच्या गोळ्या काढून ठेवत असताना म्हणाला, "तू मला अडवलं का नाहीस?"

"अडवलं असतं तर ऐकलं असतंत?"

"नसतं ऐकलं."

"तरी मी बोलायला हवं होतं," ती म्हणाली आणि पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला.

आता तो कारखान्याच्या कोठारात बसून खिळे-बोल्ट मोजून देतो. दुपारी बायको डबा घेऊन जाते. पहिल्या दिवशी ती डाव्या बाजूनं जाऊन उभी राहिली, तर त्याला पत्ताच लागला नाही. तेव्हापासून ती वळसा घालून उजवीकडून जाते आणि दारातूनच म्हणते, "अहो, मी आले."