रोझीनने खुडलेली द्राक्षं

तळघरात बाटली फुटली तेव्हा सिप्रियाँ जेवायला बसला होता. पाठोपाठ आणखी काही फुटल्या. त्याने चमचा खाली ठेवला, तारेच्या जाळीचा मुखवटा तोंडावर चढवला आणि चामडी हातमोजे शोधू लागला.

आवाज गल्लीत ऐकू गेला असावा. शेजारचा म्हातारा बार्तेस दारात येऊन उभा राहिला.

"कार्निव्हल केव्हाच संपलं की रे," तो म्हणाला. "तुझा मुखवटा काही उतरत नाही."

सिप्रियाँ हसला नाही. मे महिना लागला, ऊन तापलं, तसा हा प्रकार सुरू झाला होता. एक बाटली फुटली की तिच्या काचा शेजारच्या बाटल्यांना लागत आणि त्याही जात. रोज सकाळी तो काचा भरून बाहेर आणत होता.

चूक कुठे झाली हे त्याला ठाऊक होतं. फ्रान्समधल्या या लिमू गावात फेसाळ वाइन करणारी माणसं मार्चमधला चंद्र उतरणीला लागल्याशिवाय बाटल्या भरत नाहीत. त्याच्या बायकोला, रोझीनला, तेवढंही पुरत नसे. ती पिंपातली वाइन रोज चाखायची. गोडी जास्त वाटली, तर ती बाटलीत फसफसून काच फोडेल म्हणून मदतीला आलेल्या माणसांनाही परत पाठवायची. सप्टेंबरात तिला धाप लागत होती, तरी पालथ्या टोपलीवर बसून तिने द्राक्षं खुडली. नाताळच्या आधी ती गेली. मग घर खायला उठलं. हाताला काहीतरी काम हवं म्हणून सिप्रियाँने फेब्रुवारीतच बाटल्या भरून टाकल्या. बार्तेसने तेव्हाच टोकलं होतं. माझ्या तळघरात चंद्र दिसत नाही, असं सिप्रियाँने त्याला तोडून सांगितलं होतं.

आणि वर साऱ्या गल्लीला आमंत्रणही देऊन बसला होता. रोझीनला जाऊन वर्ष होईल त्या दिवशी चर्चमधून सगळ्यांनी घरी यायचं, तिच्या हातची शेवटची वाइन प्यायची.

तेवढ्यात रोझीनची बहीण जर्मेन आली. तिने उष्टं ताट पाहिलं, मुखवटा पाहिला आणि खुर्ची ओढून बसली. सगळ्या बाटल्या आजच्या आज उघडून टाक, असं तिने सांगितलं. आतला वायू जाऊ दे, वाइन टबात ओत.

"फेस जाईल," सिप्रियाँ म्हणाला.

"जाऊ दे. स्वयंपाकाला होईल."

"वर्षाच्या दिवशी लोकांना काय ते स्वयंपाकाचं पाणी पाजू?"

"आणि तुझा डोळा गेला म्हणजे? मी वर गेल्यावर रोझीन मलाच धरेल. विचारेल, तू तिथे होतीस ना, मग काय करत होतीस?"

सिप्रियाँने मुखवटा काढला.

"द्राक्षं तिने खुडली होती, जर्मेन," तो म्हणाला. "मी नासवली."

बार्तेस खाकरला. बायको गेली तेव्हा आपण अख्खं वर्ष मळ्याकडे फिरकलो नव्हतो, तण कमरेएवढं वाढलं होतं, असं तो सांगू लागला आणि मध्येच थांबला.

खाली आणखी एक बाटली फुटली. सिप्रियाँ उठला. दारामागचे जुने मुखवटे त्याने दोघांच्या हातात दिले.

दुपारभर ते तळघरात होते. सिप्रियाँ बूच काढायचा, फेस उसळायचा, जर्मेन टब धरायची, बार्तेस रिकाम्या बाटल्या भिंतीशी लावायचा. एकदा फेस थेट बार्तेसच्या कानात गेला, तेव्हा त्याने रोझीनचं नाव घेऊन एक शिवी दिली आणि तिघंही हसले.

वाइन चांगली झाली होती. जर्मेनने बोट बुडवून चाखली तेव्हा तिच्या तोंडावरून ते कळलं. तिने बोट पुसलं आणि पुन्हा टब धरला.

शेवटची बाटली हातात घेताना सिप्रियाँने हातमोजे काढून ठेवले. जर्मेनने टब पुढे सरकवला. त्याने नको म्हणून मान हलवली, तसा तिने तो मागे घेतला.

बूच निघालं. फेस त्याच्या बोटांवरून मनगटावर आला, बाहीत शिरला, फरशीवर सांडू लागला. फेस पुरता ओसरेपर्यंत सिप्रियाँ बाटली दोन्ही हातांत धरून उभा राहिला.