सरकतं दुखणं

सून ढोंगी आहे, यावर सिंधूताई पैज लावायला तयार होत्या. अहो, पुरावाच होता त्यांच्याकडे. आज मिनलचा गुडघा दुखे, परवा खांदा, आठवड्याने पाठ. खरं दुखणं असं घर बदलत फिरतं का कुठे? आणि फिरतं तेही नेमकं हिवाळ्यात, पाण्यातलं काम निघालं की. मुलगा धर्मेंद्र पहाटेच बुटीबोरीच्या कापड गिरणीत निघून जाई. त्याला बायकोची नाटकं काय कळणार?

डिसेंबरातल्या एका सकाळी त्यांनी परीक्षाच घ्यायची ठरवली. घरातल्या पाचही गोधड्या टाक्यातल्या गार पाण्यात बुडवल्या. "धुऊन टाक वं," म्हणाल्या, आणि तांदूळ निवडायच्या निमित्ताने दारात ठाण मांडून बसल्या. मिनल ब्र न काढता धूत राहिली. चौथ्या गोधडीला ती खाली बसली ती उठेचना. ओठ पांढरेफटक पडले होते. सिंधूताई तांदूळ तसेच टाकून धावल्या. तिला रिक्षात घालून त्यांनी सदर भागातला दवाखाना गाठला.

तिथे प्रेमिला सिस्टरने मिनलच्या पर्समधलं जुनं कार्ड वाचलं. सिकलसेलचा आजार.

"मावशी, नसा बारीक होत होत शेवटी केसाहून बारीक होतात. तिथून रक्ताच्या पेशी एकीमागं एक, रांगेनंच जातात. अंगाले सारं पोषण तिथंच भेटते. हिच्या पेशी वाकतात विळ्यासारख्या. एक अडकली का मागची रांग अडते, अन् जिथं अडते तिथं दुखते. गार पाण्यानं तर नसा आणखी आवळतात." मग ती मिनलकडे वळली. "तुले लग्नाआधीपासून ठाऊक आहे ना? मग पाण्यात हात काहून घातला?"

सिंधूताईंनी कान टवकारले. ठाऊक होतं! म्हणजे हिने काहीतरी लपवलं होतंच.

सिस्टर गेल्यावर त्यांनी विचारलं, "बोलली काहून नाही वं? वर्षभर कामचोर म्हणत राहिली मी तुले."

"कामचोर सुनेले शिव्या भेटतात, आई," मिनल भिंतीकडे पाहत म्हणाली. "बिमार सुनेले तुमी खाप्याले माहेरी धाडलं असतं."

सिंधूताई नाही म्हणणार होत्या, पण ते खोटं ठरलं असतं. खरंच धाडलं असतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी सुनेचे गार पाय चोळायला हात पुढे केला.

मिनलने भिंतीकडेच पाहत पाय आखडून घेतले.