पंधरा वर्षांचं बाळंतपण

माझ्या नवऱ्याने, दिगंबरने, मुलीच्या डॉक्टरकीचं एक्सेल केलं, तेव्हाच मी कपाळाला हात लावला. एका बाजूला कॉलेजांची नावं, वर निकष, आणि प्रत्येक निकषाला वजन. बँकेसाठी सॉफ्टवेअर निवडताना त्याच्या ऑफिसात असलंच काहीतरी करतात म्हणे. शिक्षणाची भाषा, घरापासूनचं अंतर, पुढे कुठली शाखा मिळेल, आणि हवामान.

"हवामान कशाला रे?" मी विचारलं.

"उत्तरेला चार महिने बर्फ असतो, जया. ते कन्सिडर नको करायला?"

शेवटी बेरीज आली. पुणे सात पूर्णांक आठ, इथलं जपानच्या उत्तरेचं विद्यापीठ सहा पूर्णांक एक. मी म्हटलं, चला, एकदाचं काहीतरी माझ्या बाजूने लागलं. नुपूरने स्क्रीनकडे बघितलं, "बेत्सुनी" म्हणाली आणि खोलीत निघून गेली. बेत्सुनी म्हणजे जपानीत काही नाही, विशेष काही नाही. इथल्या पोरांना सतराव्या-अठराव्या वर्षी हा एकच शब्द येत असावा.

नुपूर आमची एकुलती एक. आम्ही दोन हजार साली जपानला आलो तेव्हा ती आठ वर्षांची होती. त्या काळात पुण्या-मुंबईचे इंजिनिअर इथे नुसते लोटत होते, आणि निशिकासाईच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दर महिन्याला एक नवं कुटुंब कुकर आणि मिसळणाचा डबा घेऊन उतरायचं. भारतीय शाळा तेव्हा नव्हती. ती निघाली तोवर नुपूर जपानी शाळेत पुरती रुळली होती, तिथेच राहिली. आता दोन हजार नऊचा ऑक्टोबर होता, आणि ती बारावीला.

डॉक्टर व्हायचं हे तिचं नक्की होतं, त्यावर वाद नव्हता. वाद होता तो कुठे आणि कशातलं यावर. माझा थोरला भाऊ शशिकांत, म्हणजे आमचा दादा, चिंचवडला तीस वर्षं दवाखाना चालवतो. त्याचं म्हणणं, आधी शाखा ठरवा, मग कॉलेज. "जयू, तिला स्किनमध्ये घाल. त्वचेच्या डॉक्टरला रात्री कोणी उठवत नाही. ज्या कॉलेजात स्किनचं डिपार्टमेंट दांडगं, तिथेच पहिल्यापासून राहायचं, सगळे ओळखीचे होतात." तसं एक कॉलेज त्याने शोधूनही ठेवलं होतं. परदेशी राहणाऱ्यांच्या जागेसाठी नाव घालायचं, तर सोमवारपर्यंत कळव म्हणाला होता.

आणि नुपूरने शोधलं होतं ते भलतंच. उत्तरेकडच्या एका प्रीफेक्चरचं, म्हणजे प्रांताचं, विद्यापीठ. तिथे काही जागा अशा की सहा वर्षं शिकायचं आणि मग नऊ वर्षं त्याच भागातल्या इस्पितळांत काम करायचं, तेही त्यांनी ठरवलेल्या शाखांत. बालरोग, तातडीची सेवा, नाहीतर सांका, म्हणजे बाळंतपणाचं खातं. बाईसाहेबांनी फॉर्मवर सांका लिहिलं होतं. फॉर्मला पालकांच्या संमतीचा कागद जोडायचा होता, त्यावर आमचा हांको, म्हणजे घरचा शिक्का हवा होता, आणि तो कागद शाळेत द्यायची तारीखही सोमवारचीच. हांको माझ्या कपाटात. दिगंबरने अंग काढून घेतलं होतं. "मी डेटा दिला, आता तुम्ही दोघी ठरवा."

आठवडाभर आमची रोज जुंपत होती.

"अठराव्या वर्षी पंधरा वर्षांचं बाळंतपण लिहून द्यायचं? अगं, उद्या दुसरं काही आवडलं तर?"

"नाही आवडणार."

"पुण्याला एमबीबीएस कर, मग निवड ना काय ती शाखा."

"मामाकडे शाखा मी नाही निवडत, आई. माझी रँक निवडते. स्किनला मार्क कमी पडले तर भूल देण्यात जा, तिथेही कमी पडले तर रक्त तपासत बस. इथे मी आत्ताच सांगू शकते मला काय करायचंय."

"आणि त्या बर्फात एकटी? टीव्हीवर रोज दाखवतात, बाळंतपणाच्या डॉक्टरांना झोप नाही म्हणून लोक ती शाखा सोडून पळतायत. तूच का नेमकी?"

"बेत्सुनी."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी सांगून टाकलं, तो कागद मी उघडणारसुद्धा नाही. माझी जीभ तिखट आहे, मला माहीत आहे. पण त्यामागे भीती होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. बाळंतपणाच्या दवाखान्याच्या दारातून माझ्या मुलीने रोज आत जावं, हे मला सोसवत नव्हतं. त्या दारातून ती एकदा माझ्याबरोबर गेली होती.

रविवारी दुपारी दिगंबर नदीकाठी क्रिकेटला गेला. मी मेथी निवडत बसले होते. नुपूर समोर खुर्ची ओढून बसली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच ती आपण होऊन माझ्याजवळ आली होती, म्हणून मी तिला बोलू दिलं.

"आई, एक काम कर. शाळेतले सेन्सेई म्हणाले, इंटरव्ह्यूची उत्तरं कुणासमोर तरी मोठ्याने बोलून बघ. कागद तू देणार नाहीस ते कळलं मला. तरी एकदा बोलून बघायचंय. तू नुसती माझ्याकडे बघ. तुला कळलं नाही तरी चालेल."

तुला कळलं नाही तरी चालेल. मी मनात म्हटलं, बघ हो, शहाणी.

गंमत अशी की मला कळत होतं. चार वर्षं मी इचिकावाला बेन्तोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या, कारखान्यात बाइतो, अर्धवेळ काम, करत होते. पट्ट्यावरून भाताचे डबे येतात, त्यात लोणच्याची फोड ठेवायची, दिवसाला पाच तास. दोन्ही बाजूंना साठीच्या जपानी बायका. त्यांच्या सुनांच्या कागाळ्या, गुडघे, ऑपरेशनं, कुणाचं काय काढलं आणि कुणाला काय टोचलं, सगळं ऐकून ऐकून माझे कान तयार झाले होते. वाचता येत नाही, बोलताना अडखळते, पण ऐकलेलं कळतं. घरी मी ते दाखवत नसे. सुरुवातीला नुपूर माझा एकेक उच्चार सुधारायची, मला राग यायचा. शेवटी तिच्यासमोर जपानी बोलणंच टाकलं. तिला वाटायचं, आईला बाजारापुरतं येतं.

ती पाठ ताठ करून बसली, हात मांडीवर, आणि जपानीत बोलायला लागली. ती काय बोलली ते मी आपल्या भाषेत सांगते.

"मी अकरा वर्षांची असताना माझ्या आईला पाचवा महिना होता. आईला जपानी येत नव्हतं, बाबा कामासाठी ओसाकाला होते, म्हणून तपासणीला मी बरोबर गेले. डॉक्टर खूप वेळ स्क्रीनकडे बघत होत्या. मग त्यांनी मला सांगितलं की बाळाचं हृदय थांबलंय. ते मी आईला सांगितलं. मला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं असेल, म्हणून मी डॉक्टरांना परत विचारलं. तीन वेळा विचारलं. मला वाटत होतं, मी वेगळ्या शब्दांत विचारलं तर उत्तर वेगळं येईल."

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली.

"नंतर डॉक्टर माझ्यासमोर खाली बसल्या. म्हणाल्या, हे सांगणं माझं काम होतं, ते तुला करायला लागलं, मला माफ कर. मोठी झाल्यावर मला कळलं की ज्या गावात बाळंतपणाचा डॉक्टर एकच असतो, तिथे त्याला असं थांबून बोलायला वेळच नसतो. मला तिथे जायचंय. मला ते स्वतः सांगायचंय, म्हणजे कुणाच्या घरच्या माणसाला सांगावं लागणार नाही."

मग ती आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "फार लांब झालं का?"

ती इंटरव्ह्यूत जे सांगणार नव्हती, ते मी सांगते.

त्या काळी आम्हा सगळ्या बायकांची पद्धतच ती होती, पोरांना पुढे करायचं. गॅसवाला आला की पोर पुढे, वॉर्ड ऑफिसात पोर पुढे, दाताच्या डॉक्टरकडे पोर पुढे. पोर टुरुटुरु जपानी बोलायचं आणि आमची मान ताठ व्हायची. त्या दिवशी डॉक्टर आधी म्हणाल्या होत्या, थोडं थांबा, इंग्रजी येणारं कुणीतरी बोलावते, अर्धा तास लागेल. नुपूरने ते मला सांगितलं होतं. मीच म्हटलं, "कशाला? तू आहेस ना. त्यांना म्हणावं, मला सगळं कळतं, मला सांगा." एवढा मला अभिमान.

आणि तिने सांगितल्यावर मी म्हणाले, "तुला नीट कळलं नाही. पुन्हा विचार." तिने विचारलं. मी म्हटलं, "पुन्हा विचार." तिसऱ्या वेळी मी तिचा दंड धरून हलवला आणि ओरडले, "शाळेत शिकतेस तरी काय मग?" अकरा वर्षांची पोर. ती रडलीसुद्धा नाही. वळून तिसऱ्यांदा डॉक्टरांना विचारायला लागली.

त्यानंतर सहा वर्षांत त्या दिवसाबद्दल मी तिच्याशी एक अक्षर बोलले नाही. मला वाटायचं, लहान होती, विसरली असेल. आणि आज ती परक्या माणसांपुढे सगळं सांगायला निघाली होती, त्यातून फक्त मला बाजूला काढून. माझं वाक्य तिने स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. म्हणे, मला वाटलं आपलंच चुकलं.

"आई? काय झालं? तू रडतेस कशाला?"

"तू बरोबर सांगितलं होतंस," मी म्हणाले.

"काय?"

"त्या दिवशी. दवाखान्यात. तिन्ही वेळा तू बरोबर सांगितलं होतंस. तुझं काही चुकलं नव्हतं. मलाच ऐकायचं नव्हतं."

"तुला कळलं? मी आत्ता बोलले ते?"

"सगळं कळलं. कारखान्यातल्या बायका दिवसभर दुसरं बोलतात काय?"

तिचा चेहरा एकदम लहान झाला. "मला वाटायचं तू अजून माझ्यावर चिडलीयस. मी नीट बोलले असते तर..."

"नाही गं. नाही, राणी." मी तिला जवळ घेतलं. मेथी सगळीकडे झाली. "मी तुला पुढे करायला नको होतं. त्या बाई थांबा म्हणत होत्या. चूक माझी होती, आणि हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

मग मी पदराने तिचं तोंड पुसलं, जसं तेव्हा पुसायला हवं होतं.

"आता ऐक," मी म्हणाले. "ते उत्तर अर्धवट आहे. आई म्हणाली तुला कळलं नाही, पुन्हा विचार, हेही सांग. दंड धरला तेही सांग."

"तसं नाही सांगता येणार. तुझ्याबद्दल वाईट दिसेल."

"दिसू दे. नऊ वर्षं तुला माझ्यासारख्याच बायका भेटणार आहेत. तिथल्या लोकांना कळू दे, तुला अशा बायकांची सवय आहे."

ती रडता रडता हसली. मी उठले, हात धुतले, आणि तिला तो संमतीचा कागद आणायला सांगितलं. कुठे शिक्का मारायचा ते तिने बोटाने दाखवलं. शिक्का जरा तिरका उमटला. चालेल म्हणाली.

नंतर ती पुन्हा उत्तर लिहायला बसली, आणि मी दादाला फोन लावला. पुण्यात तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील, दवाखान्याला सुट्टी. नाव घालू नकोस, ती इथेच शिकेल, असं मी सांगितलं. दादा वैतागला. एवढी खटपट केली, वगैरे. मग विचारलं, "शाखा कुठली?"

"बाळंतपणाची."

"जयू, वेड लागलंय का तुम्हाला? पोरीला समजवायचं सोडून तू पण? अगं, ते काम सोपं नाही. किती वाईट गोष्टी तोंडाने सांगाव्या लागतात, तिला कल्पना तरी आहे का?"

"आहे, दादा," मी म्हणाले. "अकराव्या वर्षी मी तिच्याकडून ते काम करून घेतलंय. आता तिला शिकून करू दे."