कानामागची गोचीड

माझ्या आकांक्षाच्या अंगावर पुरळ उठलं आणि सासूबाईंनी, झुंबरबाईंनी, दाराला लिंबाचा डहाळा बांधला. देवी आली म्हणे, गोवराची. पाच दिवस पोरीला औषध न्हाई, डोक्याला पाणी न्हाई, केसांना कंगवा न्हाई. नवरा, कल्याण, आईला सगळं कळतं म्हणत कपाशीत निघून गेला. शेजारच्या उषाबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, शिकलेल्या सुनांमुळंच देवी कोपते.

तिसऱ्या दिवशी पोर माझ्या मांडीवर नुसती तापानं फणफणत होती. पुरळ आता तळहातांवर, तळपायांवरही आलं होतं. गोवर असा मी पाहिला नव्हता. सासूबाई चारा टाकायला गेल्या तेवढ्यात मी कंगवा काढला. कानामागं बोट अडलं. तुरीच्या दाण्याएवढी फुगलेली गोचीड, भोवती काळी खपली. दिवसभर वासराच्या गळ्यात पडून खेळायची ना माझी बाय.

"कंगवा लावला? मारून टाकती का पोरीला?" सासूबाई मागंच उभ्या होत्या.

मी गोचीड दाखवली.

"म्या नखानं हजार चिरडल्या. मला कामून काही झालं न्हाई?" म्हणत त्या नखं लावायला वाकल्या.

मी पोर उचलली. "आत्याबाई, हात लावायचा न्हाई."

सात वर्षांत मी त्यांना असं पहिल्यांदाच बोलले.

"गेलीस तर परत या दारात यायचं न्हाई," त्या म्हणाल्या. मी गेले.

वडीगोद्रीच्या डॉक्टरांनी चिमट्यानं कातडीलगत धरून गोचीड सरळ ओढली. हा गोवर नव्हे, गोचिडीचा ताप, म्हणाले. नखानं चिरडली तर तिचा रोग आपल्याला लागू शकतो. अजून दोन दिवस घरी ठेवली असती तर पोर हाती लागली नसती. गोळ्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या दिवशी तिनं भाकरी मागितली. मी तिच्या केसांत तोंड लपवून रडले.

कल्याणनं आईला न विचारता आम्हाला घरी आणलं. तोवर सासूबाईंनी गल्लीभर सांगून टाकलं होतं, देवी आपल्या नवसानं गेली. मी भांडले न्हाई. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. ताट पायानं सरकवायच्या.

पंधरवड्यानं उषाबाईंची नात तापली, अंगावर तसंच पुरळ. काय करू म्हणून त्या भिंतीशी आल्या. सासूबाईंनी माझ्याकडं पाठ फिरवली आणि सांगितलं,

"आधी तिचं डोकं बघ. मंग जल्दी वडीगोद्रीला ने. देवीला मी समजावते."